शंभरातले पाच

लाप्पेनरांताला जानेवारीत साडेनऊला उजाडतं,
साडेतीनला आवरतं.
मधल्या वेळात सायमा तळ्यावरचं बर्फ
आलेला उजेड जवळजवळ सगळा परत पाठवतं.
मी तळघरात असते. खिडकी नाही.
टेबलावर तांब्याची चकती, रुपेरी डबीत बसवलेली,
पाठीला चिकटवलेली केसाएवढी तारांची जोडी.
आत किती मुरलं, एवढंच तिला कळतं.

दोन किलोवॉट. डोळ्याला न दिसणारा प्रकाश,
राईच्या दाण्याहून बारीक ठिपक्यात.
तांब्याने शंभरातले पंचाण्णव परत केले.
पाच ठेवून घेतले, तेही
पाहुण्याच्या पानात वाढल्यासारखे नव्हे,
उंबऱ्यात चपला राहिल्यासारखे.

परतलेला प्रकाश आल्या वाटेने वर चढला
आणि यंत्राच्याच घशाशी अलार्म वाजला.
"आभाळाकडे तोंड करून थुंकलीस,"
हेइमो म्हणाला. एकतीस वर्षं जोडकाम केलेला माणूस,
दिवसात चार वाक्यं बोलतो, त्यातलं हे दुसरं.
खिशातून काळा मार्कर काढला:
"फासू? पहिल्या घासापुरतं?"
नको. मग मी शाई मोजेन, तांबं नाही.
तो खांदे उडवून कॉफी ओतायला गेला.
"लोखंडाचं बरं," जाता जाता,
"पहिल्या हाकेला तिसरा हिस्सा तरी घेतं."

थंड तांब्यातले इलेक्ट्रॉन असे मोकळे
की प्रकाश त्यांना झुलवतो, ते झुलतात,
आणि झोका जसाच्या तसा परत देऊन टाकतात.
कुठे ठेच लागली तरच काही मागे सांडतं.
सांडलेलं तेच ऊन.
म्हणून मी ताकद वाढवते आणि वाट बघते.
अणू आपापल्या जागी थरथरू लागतात,
ठेचा वाढतात. पाचाचे सहा. सहाचे सात.
कुणी मन वळवलेलं नाही, फक्त
चालायला जागा उरलेली नाही.

मग वितळतं.
रांगा मोडतात, सात उडी मारून बाराच्या पुढे जातात.
पडद्यावरची रेघ एका जागी मुरडते,
तिथे मी पेन्सिलने एक टिंब काढते,
दर वेळी, उगाचच.
आणि नंतर, पापणी लवायच्या आत,
वाफ त्या रसात सुईएवढा खोल खड्डा पाडते.
आमच्याकडे त्याला किल्लीचं भोक म्हणतात.
आत गेलेला प्रकाश या भिंतीवर आपटतो,
त्या भिंतीवर आपटतो, पुन्हा या,
प्रत्येक भिंत कंजूष, प्रत्येक भिंत
नव्वदाला नव्वद परत करणारी,
पण परत जायचं कुठे?
साठ. त्रेसष्ट. अलार्म गप्प.

संध्याकाळी औतोकुंपूला फोन लावते.
वडिलांनी तिथल्या खाणीत बावीस वर्षं काढली,
खाण बंद झाली तेव्हा मी शाळेत होते.
आता ते वृद्धाश्रमात, कानाला यंत्र,
मी बोलते त्यातलं बरंचसं भिंतीला लागून परत येतं.
आज विचारलं मात्र: "किती खातं?"
गार असताना पाच, म्हटलं. शंभरातले.
बराच वेळ नुसता श्वास. फुफ्फुसातली घरघर.
"तरीच," ते म्हणाले, आणि हसले बहुतेक,
किंवा खोकले. नर्सने फोन घेतला.

सकाळी चकती हातात घेतली.
मधोमध सांधा, खवल्याखवल्यांचा, तपकिरी झाक.
मी तो घासून लख्ख केला,
हेइमो नको म्हणत असताना,
आणि पुन्हा ठिपका धरला, नेमका तिथेच,
जिथे काल त्रेसष्ट मुरले होते.

पाच.
अलार्म.
हेइमोने मार्कर टेबलावर ठेवला,
टोपण काढून.